प्रत्येक मळमळ म्हणजे पित्त नव्हे

उलटी होईल असे वाटायला लावणारी, पोटात ढवळून आणणारी अस्वस्थ जाणीव म्हणजे मळमळ. ती सतत किंवा अधूनमधून महिन्याहून अधिक काळ येत राहिली, तर तिला जुनाट मळमळ म्हणतात. ती पोटात भासत असली, तरी तिचे नियंत्रण मेंदूकडे असते. लंबमज्जेतील एका लहानशा भागात रक्त आणि मेंदू यांच्यामधला संरक्षक अडसर सैल असल्यामुळे रक्तातील विषारी द्रव्ये, औषधे आणि संप्रेरके त्या भागाला थेट जाणवतात. शिवाय व्हेगस या मज्जातंतूमार्फत जठर व आतड्यांकडून, अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून आणि भीती-चिंतेशी निगडित मेंदूभागांकडून येणारे संदेशही लंबमज्जेतच एकत्र येतात. त्यामुळे जुनाट मळमळीच्या कारणांचा शोध केवळ पोटापुरता मर्यादित ठेवता येत नाही.

गैरसमज १ : उलटीत हिरवट-पिवळे, कडू पाणी पडले, म्हणजे पित्त वाढले आहे.

वस्तुस्थिती : पित्तरस यकृतात तयार होऊन लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरतो, आणि जठर रिकामे असताना वारंवार उलट्या झाल्या की तो उलट दिशेने वर येतो, म्हणजे हे पाणी उलटीचा परिणाम असते, तिचे कारण नव्हे. डोके ठणकणे, उजेड व आवाज नकोसा होणे, मग मळमळ आणि उलटी झाल्यावर हलके वाटणे, हा क्रम अनेक घरांत ‘पित्ताचा त्रास’ म्हणून वर्षानुवर्षे सोसला जातो. प्रत्यक्षात तो बहुधा अर्धशिशीचा असतो आणि तिच्यावर वेगळे, परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत.

गैरसमज २ : घशात बोटे घालून उलटी काढली की विकार बाहेर पडतो.

वस्तुस्थिती : तात्पुरता आराम मिळाला तरी मूळ कारण तसेच राहते. वारंवार वर येणाऱ्या आम्लाने दातांचे कवच झिजते, जोराच्या उमाशांनी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला चीर पडून रक्तस्राव होऊ शकतो, आणि शरीरातील पोटॅशियम घटल्यास हृदयाची लय बिघडू शकते.

गैरसमज ३ : ॲसिडिटीची गोळी रोज घेतली तरी काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती : ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारखी औषधे जठरातील आम्ल कमी करतात आणि योग्य रुग्णात ती उपयुक्तच असतात, मात्र मळमळीचे कारण आम्ल नसेल तर ती निरुपयोगी ठरतात आणि सल्ल्याविना वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम यांची कमतरता उद्भवू शकते. मळमळ थांबवणारे मेटोक्लोप्रमाइड दीर्घकाळ घेतल्याने तोंड व जिभेच्या अनैच्छिक हालचाली जडू शकतात आणि त्या कधीकधी औषध बंद केल्यावरही टिकतात.

गैरसमज ४ : एंडोस्कोपीत काही सापडले नाही, म्हणजे सारे मनाचे खेळ आहेत.

वस्तुस्थिती : दुर्बिणीतून जखम, सूज किंवा गाठ दिसते, जठराची हालचाल किती वेगाने होते, हे तिच्यातून मोजता येत नाही. दीर्घकाळच्या मधुमेहात व्हेगस मज्जातंतूला इजा होऊन जठर अतिशय सावकाश रिकामे होऊ लागते, तेव्हा थोडे खाल्ले तरी पोट भरते आणि कित्येक तासांपूर्वीचे अन्न उलटीतून पडते. या विकाराला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. त्याच्या तपासणीत किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळलेले अन्न खायला देऊन चार तास ठरावीक अंतराने छायाचित्रे घेतात, आणि शेवटी दहा टक्क्यांहून अधिक अन्न जठरात उरले असल्यास निदानाला पुष्टी मिळते. जठर व मेंदू यांच्यातील संदेशवहन बिघडल्यानेही मळमळ होते; चिंतेने ती वाढत असली, तरी ती खोटी ठरत नाही.

गैरसमज ५ : जेवणात बिघाड नसेल तर मळमळ होण्याचे कारणच नाही.

वस्तुस्थिती : मेटफॉर्मिन, लोहाच्या गोळ्या, वेदनाशामके आणि वजन घटवण्यासाठी वापरले जाणारे सेमाग्लुटाइड ही मळमळीची नेहमीची कारणे आहेत. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की रक्तात साठणारी टाकाऊ द्रव्ये, रक्तातील वाढलेले कॅल्शियम आणि गर्भधारणा यांमुळेही मळमळ होते. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी क्षयरोगाने किंवा अन्य कारणाने दुबळ्या झाल्या, तर मळमळीबरोबर थकवा, घटता रक्तदाब, त्वचेचा काळवंडणारा रंग आणि मिठाची ओढ दिसते.

वजन घटणे, गिळताना अडथळा, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, तसेच सकाळच्या तीव्र डोकेदुखीसह होणारी उलटी, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. इतरांनी मळमळ केव्हा येते, जेवणानंतर किती वेळाने येते, सोबत डोके दुखते का आणि कोणती औषधे चालू आहेत, याची दोन आठवड्यांची नोंद करून ती तपासणीच्या वेळी दाखवावी. योग्य निदानासाठी ही नोंद फार मोलाची ठरते.