तपासणी मोफत, पुढच्या उपचारांचे काय?

मूल आठ महिन्यांचे झाले तरी मान धरत नाही, दोन वर्षांचे झाले तरी एकही शब्द उच्चारत नाही. पण घरातील वडीलधारी मंडळी 'याचे बाबाही उशिराच बोलले होते' अशी समजूत काढतात आणि पालक वाट पाहत राहतात. वाढीतील विलंबावर उपचार जितक्या लवकर सुरू होतात तितके ते गुणकारी ठरतात, त्यामुळे हे वाट पाहणेच महागात पडते. अशा मुलांसाठी सरकारी तरतूद आहे. मात्र ती एका छत्राखाली नसल्याने कोणत्या दारात काय मिळते, हे समजून घेणे भाग आहे.

पहिले दार राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून (तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते) या कार्यक्रमाचा देशभरासाठी प्रारंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार आणि वाढीतील विलंब अशा चार गटांत तपासणी केली जाते. वैद्यकीय पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा यावे, असे अपेक्षित आहे. संशय आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, वाचा उपचार, श्रवण चाचणी, मानसशास्त्रज्ञ या सेवा तेथे एकत्र आणि विनामूल्य मिळाव्यात, ही त्यामागील कल्पना. विशेष म्हणजे, येथे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची अट नाही. निदान व्हायचे असलेल्या बालकासाठी ही बाब सर्वांत मोलाची आहे.

अडचण सुरू होते ती त्यानंतर. सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या मुलाला एखादी शस्त्रक्रिया करून घरी पाठविता येत नाही. त्याला आठवड्यातून अनेकदा, वर्षानुवर्षे थेरपी लागते. केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी. दूरच्या तालुक्यातील आईचा दर खेपेला एसटीचा खर्च होतो आणि दिवसाची मजुरीही बुडते. उपचार मोफत असूनही ते मध्येच सुटतात, त्याचे कारण बहुधा येथेच सापडते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना वा आयुष्मान भारत यांतील पाच लाख रुपयांचे संरक्षण मोठे वाटते. परंतु त्यांची रचना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. हृदयातील जन्मजात दोषाच्या शस्त्रक्रियेसाठी त्या उपयोगी पडतात. दर आठवड्याच्या वाचा उपचारांसाठी नव्हे.

ही उणीव काही अंशी भरून काढते ती राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना. वार्षिक एक लाख रुपयांपर्यंतच्या या आरोग्य विम्यात बाह्यरुग्ण उपचार आणि नियमित थेरपीचाही समावेश आहे. विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणी नाही, वयाचे बंधन नाही आणि आधीपासून असलेल्या स्थितीचे कारण देऊन अर्ज नाकारला जात नाही. मात्र एक लाखाची रक्कम वेगवेगळ्या बाबींत विभागलेली असून प्रत्येक बाबीला स्वतंत्र मर्यादा आहे. थेरपीच्या वाट्याला त्यातील लहानसा भागच येतो. खर्च बहुधा आधी खिशातून करावा लागतो, म्हणून पावत्या जपून ठेवाव्यात. विम्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

शिवाय 'निरामय'चे दार सर्वांसाठी खुले नाही. 1999 च्या कायद्यातील स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता या चारच गटांना ती लागू आहे आणि प्रमाणपत्र आवश्यक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 ने दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले, तरी केवळ श्रवणदोष किंवा अध्ययन अक्षमता असलेले मूल या विम्याबाहेरच राहते.

पालकांनी प्रथम अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मुलाची नोंद करवून घ्यावी व जिल्हा केंद्रासाठी संदर्भपत्र मागावे. प्रमाणपत्रासाठीचा अर्ज त्याच सुमारास केल्यास पुढचे महिने वाया जात नाहीत.