समुद्र किती तापलाय? आणि किती खोलवर?

हरिकेन समुद्राच्या उष्णतेवर जगतं. पाण्याची वाफ होते, ती वर जाऊन थंड होते आणि तिचे ढग बनताना उष्णता बाहेर पडते. त्यावर वादळ चालतं. यासाठी समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर लागतं, हे आपण पाठ केलेलं असतं. पण वादळ स्वतःच समुद्र घुसळतं! उबदार थर पातळ असेल तर खालचं गार पाणी वर येतं आणि वादळाची रसद तुटते. म्हणजे नुसतं वरचं तापमान बघून भागत नाही.

२००५ चं कॅटरिना बघा. मेक्सिकोच्या आखातात ते लूप करंट या प्रवाहाच्या खोलवर उबदार पाण्यावरून गेलं. २८ ऑगस्टला १२ तासांच्या आत ते तिसऱ्या श्रेणीतून पाचव्या श्रेणीत पोचलं. वारे ताशी सुमारे २८० किलोमीटर.

दुसऱ्या दिवशी लुइझियानाला धडकताना श्रेणी पुन्हा तिसरीच होती. मग धोका टळला का? नाही. श्रेणी फक्त वाऱ्याचा वेग सांगते. वादळाचा पसारा प्रचंड होता, त्याने रेटलेलं पाणी मिसिसिपीच्या किनाऱ्यावर ८ मीटरहून उंच चढलं. न्यू ऑर्लिन्सच्या पूरभिंती फुटल्या. हजाराहून जास्त माणसं गेली.

तुमचा विषय कुठलाही असो, सुरुवातीलाच स्वतःला विचारा: मी जे मोजतोय ते महत्त्वाचं आहे, की फक्त मोजायला सोपं आहे?