गोल गळ, बांगड्याचे आमिष आणि हवाईची कासवे

लाँगलाइन म्हणजे कित्येक किलोमीटर लांबीची मुख्य दोरी. बोयांच्या आधाराने ती पाण्यात राहते आणि तिला जागोजागी आखूड दोऱ्या बांधलेल्या असतात. प्रत्येक दोरीच्या टोकाला गळ आणि आमिष. हवाईहून तलवार माशासाठी निघणाऱ्या नौका एका वेळी साधारण 800 ते 1000 गळ रात्री समुद्राच्या वरच्या थरात सोडतात. कासवेही याच थरात वावरतात. श्वास घेण्यासाठी त्यांना वर यावेच लागते. दोरीने खाली अडवले तर ती गुदमरतात.

दोन जातींची कासवे दोन वेगळ्या रीतींनी अडकतात. लॉगरहेड आमिष खायला येते. आमिष म्हणून लावलेले माकूळ चिवट असल्याने ते गळासकट गिळले जाते आणि जुना 'जे' आकाराचा गळ घशात खोल रुततो. लेदरबॅकचे अन्न मुख्यतः जेलिफिश. त्याच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायात किंवा खांद्यात गळ बाहेरून घुसतो, नाहीतर दोरीचाच वेढा पडतो. गोल गळाचे टोक आत, दांड्याकडे वळलेले असते. म्हणून तो अंगाला सहज लागत नाही आणि तोंडात गेला तरी बहुधा जबड्याच्या कडेला अडकतो, जिथून तो काढता येतो. माकुळाऐवजी लावलेला बांगड्याच्या कुळातला मासा मऊ असतो. कासव त्याचे लचके तोडून खाते, त्यामुळे गळ गिळला जाण्याची शक्यता कमी होते.

न्यूफाउंडलंडजवळच्या अटलांटिक समुद्रात 2001 ते 2003 या काळात अमेरिकी शास्त्रज्ञांनी मच्छीमारांच्याच नौकांवर गोल गळ आणि बांगड्याचे आमिष या जोडीची चाचणी घेतली. लॉगरहेड अडकण्याचे प्रमाण सुमारे 90 टक्क्यांनी, तर लेदरबॅकचे सुमारे 65 टक्क्यांनी घटले. तलवार मासा मात्र कमी झाला नाही, उलट वाढला. मच्छीमारांना बदल पटण्याचे खरे कारण हेच.

कासवांबाबतच्या न्यायालयीन लढ्यामुळे 2001 पासून बंद असलेली हवाईची तलवार मासेमारी 2004 मध्ये हीच जोडी वापरण्याच्या अटीवर पुन्हा सुरू झाली. शिवाय प्रत्येक फेरीत निरीक्षक आणि वर्षाची मर्यादा ठरली, तेव्हा ती होती 17 लॉगरहेड, 16 लेदरबॅक. संख्या गाठली की हंगाम संपायचा. 2006 मध्ये मार्चमध्येच लॉगरहेडची मर्यादा गाठली गेली आणि मासेमारी थांबली. त्याच वर्षी 'टर्टलवॉच' नकाशे सुरू झाले; लॉगरहेड जास्त असण्याची शक्यता असलेले पाणी समुद्राच्या तापमानावरून ओळखून नौकांना ते टाळायला सांगणारे. अडकलेल्या कासवांसाठी नौकेवर जाळीची झोळी, दोरी कापायचे हत्यार आणि गळ काढायचा आकडा ठेवणेही सक्तीचे झाले.

गळ बदलणे स्वस्त आणि सोपे, निरीक्षक ठेवणे महाग. तरीही हवाईत आकडे विश्वासार्ह ठरले ते निरीक्षकामुळेच. इथे सापडणारी लॉगरहेड जपानच्या किनाऱ्यावर जन्मतात आणि अनेक देशांच्या दोऱ्यांमधून वाट काढत पॅसिफिक ओलांडतात. त्या सगळ्या देशांच्या नौकांवर गोल गळ आणि निरीक्षक दोन्ही सक्तीचे व्हायला हवेत.