परतीचा पाऊस : अंदाज चुकतो की वाचणं चुकतं?

ऑक्टोबरात सोयाबीनची गंजी शेतात लागलेली असते, कोकणात भात कापणीला आलेलं असतं. अशा वेळी भारतीय हवामान विभागाच्या अंदाजातल्या एकेका शब्दावर घरची वर्षाची कमाई टांगलेली असते. तो शब्द नेमका कळला नाही, तर अंदाज बरोबर येऊनही माल भिजतो.

गैरसमज : मान्सून परतला, आता पाऊस नाही.
वस्तुस्थिती : माघारीची सर्वसाधारण सुरुवात वायव्य राजस्थानातून १७ सप्टेंबरला होते आणि देशभरातून ती १५ ऑक्टोबरच्या सुमारास पूर्ण होते. सुरुवात जाहीर करण्यासाठी तिथे सलग पाच दिवस पाऊस थांबलेला, हवेतली आर्द्रता घटलेली असावी लागते. पण बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, तर माघारीनंतरही महाराष्ट्रात पाऊस येऊ शकतो. तमिळनाडूचा तर मुख्य पावसाळाच ऑक्टोबर ते डिसेंबर असतो.

गैरसमज : आमच्या गावात थेंब पडला नाही, म्हणजे अंदाज खोटा.
वस्तुस्थिती : ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. उरलेले तीन हिस्से कोरडे राहिले तरी अंदाज खराच ठरतो. दुपारच्या उन्हाने तापलेल्या जमिनीवर उभा राहणारा गडगडाटी ढग तास-दोन तासांत विरतो. तो कोणत्या शिवारावर बरसेल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. त्यासाठी रडार पाहून दिला जाणारा पुढच्या तीन तासांचा इशारा बघावा.

गैरसमज : यलो अलर्ट म्हणजे किरकोळ पाऊस, काळजी नको.
वस्तुस्थिती : रंग सांगतो तो आपण काय करायचं ते : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने हालचाल करा. या दिवसांत पिवळा इशारा अनेकदा विजांसाठी असतो, आणि वीज पडायला मुसळधार पाऊस लागत नाही. गडगडाट ऐकू येताच झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावं.

गैरसमज : कमी दाबाचं क्षेत्र म्हणजे चक्रीवादळ.
वस्तुस्थिती : वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला, तरच ते चक्रीवादळ ठरतं आणि त्याला नाव मिळतं. बहुतेक क्षेत्रं त्याआधीच विरतात.

गैरसमज : ‘२४ तासांतला पाऊस’ मध्यरात्रीपासून मोजतात.
वस्तुस्थिती : तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. म्हणून मंगळवारी रात्री कोसळलेला पाऊस बुधवारच्या आकड्यात दिसतो.

अंदाज दिवसातून अनेकदा सुधारला जातो, त्यामुळे कालचा पुढे पाठवलेला संदेश आज शिळा असतो. मळणीयंत्र सांगण्याआधी ताजा अंदाज उघडावा आणि त्यात कुठे, किती आणि केव्हापर्यंत एवढं पाहावं. ‘तुरळक’ शब्द दिसला तरी ताडपत्री गंजीजवळच ठेवावी, कारण त्या पाव हिश्श्यात आपलंही शिवार असू शकतं.