मालाचे नाव आणि कायद्याचे कवच

घरगुती मसाले, लोणची वा उटणे विकू पाहणारा नवा उद्योजक बहुधा मालाचा गुण सांगणारेच नाव निवडतो. 'शुद्ध', 'स्वादिष्ट' असे शब्द ग्राहकाला चटकन कळतात. मात्र हीच सुबोधता पुढे अडचणीची ठरते. १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आलेल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यातील कलम ९ नुसार, मालाचा केवळ प्रकार, दर्जा वा उगमस्थान सांगणाऱ्या नावाची नोंदणी सहसा होत नाही. त्यासाठी दीर्घ वापराने ते नाव एकाच उत्पादकाची ओळख बनल्याचे सिद्ध करावे लागते. तोवर शेजारच्या दुकानदाराने तोच शब्द वापरला, तर त्याला रोखणे कठीण.

याउलट, नव्याने घडविलेले नाव रुजायला वेळ घेते, पण कायद्यापुढे भक्कम ठरते. १९३१ मध्ये शाईच्या व्यवसायात उतरलेल्या दांडेकर बंधूंच्या 'कॅम्लिन'मध्ये 'कॅमल' व 'इंक' हे शब्द एकवटले आहेत. उंटाचा शाईशी काडीचाही संबंध नाही. हेच त्या नावाचे बळ. पेंढरकरांचे 'विको' हे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनीचे संक्षिप्त रूप.

कंपनी म्हणून नोंदलेले नाव आपोआप व्यापारचिन्ह ठरत नाही. त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. ती १० वर्षे टिकते आणि नूतनीकरणाने पुढे चालू ठेवता येते. तत्पूर्वी तसेच नाव कोणी घेतले आहे का, याचा शोध व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर घेता येतो. पाटी रंगविण्याआधी एवढे केले, तर धंद्याचा जम बसल्यावर नाव बदलण्याची पाळी येत नाही.