लहान शाळा, समाजमाध्यमे आणि गावचे ज्ञान

ज्यावर वाचणाराच लिहिणाराही असतो आणि एकाने पाठवलेला मजकूर, आवाज किंवा चित्र अनेकांपर्यंत पोचून त्यावर लगेच उत्तरही येऊ शकते, अशा साधनाला समाजमाध्यम म्हणतात. व्हॉट्सॲप, यूट्यूब, फेसबुक आणि इन्स्टाग्राम ही त्याची गोव्यात सर्वपरिचित झालेली रूपे होत. डिचोली शहराजवळच्या, कारापूर-सर्वण पंचायतीत मोडणाऱ्या सर्वणसारख्या गावातही आज शाळा आणि घर यांच्यातील बराचसा संवाद पालकांच्या व्हॉट्सॲप गटावरून चालतो. सुट्टीची सूचना, पालक-शिक्षक संघाच्या सभेची वेळ, गृहपाठाचे छायाचित्र आणि सणासुदीच्या शुभेच्छा एवढाच मजकूर बहुधा त्या गटावर दिसतो. समाजमाध्यम शाळेत आले, पण ते सूचनाफलक म्हणून आले. मुलाच्या शिकण्यात त्याचा हातभार लागावा यासाठी काय करता येईल, याचा विचार अजून पुरेसा झालेला नाही.

हा विचार डिचोली आणि पेडणे या तालुक्यांसाठी विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण येथील सरकारी प्राथमिक शाळांचे माध्यम प्रामुख्याने मराठी असून त्यांतील कित्येक शाळांची पटसंख्या अतिशय कमी झालेली आहे. अशा शाळेत एक किंवा दोन शिक्षक पहिलीपासून चौथीपर्यंतची सर्व मुले एकत्र घेऊन शिकवतात, आणि या पद्धतीला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. तिची सर्वांत मोठी अडचण म्हणजे सोबतीचा अभाव. तिसरीत तीनच मुले असतील तर गटचर्चा, वाचनस्पर्धा किंवा एकमेकांचे लेखन तपासणे यांना अर्थ उरत नाही, आणि तिसरीचे गणित कसे शिकवावे याविषयी बोलायला त्या शिक्षिकेला शाळेत दुसरे कोणी नसते. जीन लेव्ह आणि एटियन वेंगर या अभ्यासकांनी १९९१ मधील आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले, की माणूस एखादे काम ते काम करणाऱ्यांच्या समूहात वावरत, आधी काठाकाठाने आणि मग मध्यभागी येत शिकतो. लहान शाळेला नेमका असा समूह मिळत नाही. समाजमाध्यमांचा शाळेला खरा उपयोग येथे आहे.

या साधनांशी शाळांची ओळख घाईघाईत आणि संकटात झाली, ही गोष्ट विसरता येत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि एप्रिल २०२० मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, प्राथमिक वर्गांसाठी पर्यायी शैक्षणिक दिनदर्शिका प्रसिद्ध करून शिक्षकांना व्हॉट्सॲपसारखी माध्यमे, आणि इंटरनेट नसेल तेथे साधा फोन आणि एसएमएस, वापरण्याचे सुचवले. महाराष्ट्रात त्याच वर्षी जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठ्यपुस्तकांवर आधारित मालिका सुरू झाली. गोव्याच्या डोंगरपट्ट्यातील मुलांना मात्र नेटवर्कसाठी टेकडीवर जाऊन बसावे लागले. त्या काळातून एक व्यावहारिक धडा मिळाला, तो असा, की चित्रफितीला आणि थेट तासाला जेवढे इंटरनेट लागते त्याच्या अगदी थोड्या अंशात ध्वनिसंदेश पोचतो, आणि पालक संध्याकाळी कामावरून घरी आल्यावर तो केव्हाही ऐकता येतो. शाळा उघडल्यानंतर हा धडा बाजूला पडला, ही खेदाची गोष्ट आहे.

‘असर’ या ग्रामीण शिक्षणविषयक पाहणीचा २०२४ चा अहवाल येथे ध्यानात घ्यावा लागतो. त्यानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. तो वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला, तर सुमारे ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. मूल या माध्यमांवर आधीच आहे, आणि तेथे शाळेने ठेवलेले फार थोडे त्याला सापडते, असा या आकड्यांचा अर्थ होतो.

प्राथमिक वर्गांत सर्वांत जास्त फळ देणारा उपयोग प्रकट वाचनाचा आहे. डिचोलीतील बहुतेक मुले घरी कोंकणी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात; दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जात असल्या तरी उच्चार, प्रत्यय आणि शब्दांची रूपे यांत फरक पडतो, आणि वर्गातल्या गोंगाटात तो शिक्षिकेच्या कानांवर नीट येत नाही. मुलाने घरी परिच्छेद वाचून आईच्या फोनवरून मिनिटभराचा ध्वनिसंदेश शिक्षिकेला वैयक्तिक पाठवला, तर मूल कोठे अडखळते, जोडाक्षर फोडून वाचते की गिळते, ‘त्याने’ हा शब्द पुस्तकातला वाचते की अंदाजाने बोलते, पूर्णविरामाशी थांबते की धावत पुढे जाते, हे सारे पुन्हा पुन्हा ऐकून पारखता येते. उत्तरादाखल शिक्षिकेने दोनच गोष्टी सांगाव्यात: एक नीट जमलेली आणि एक सुधारायची. जूनमधला आणि डिसेंबरमधला संदेश एकापाठोपाठ ऐकवला, की आपल्या मुलाची प्रगती पालकाला कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा स्पष्ट कळते. मुलाचे वाचन गटावर टाकण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे, कारण अडखळणाऱ्या मुलाचा आवाज तीस घरांत ऐकवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

दुसरा उपयोग गावाकडून शाळेकडे येणाऱ्या ज्ञानाचा आहे, आणि त्यासाठी चतुर्थीच्या माटोळीसारखे उदाहरण दुसरे नाही. गणेशमूर्तीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला रानातील आणि कुळागरातील फळे, फुले व पाने बांधून सजवलेली माटोळी हा गोव्यातील घराघरांचा जैवविविधतेचा संग्रहच असतो. तीत मालकांगोणीचे घोस, कवंडळाची तांबडी फळे, आसोलो नारळ, सुपारीचा घड आणि वाघनखीची ज्वाळेसारखी फुले असतात. तिसरी-चौथीच्या प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या माटोळीतील एका वस्तूचे छायाचित्र आणि त्या वस्तूविषयी आजीने किंवा आजोबांनी कोंकणीत सांगितलेली माहिती शिक्षकांकडे पाठवावी. शिक्षकांनी ती वर्गात ऐकवून मुलांकडून मराठीत चार-पाच वाक्ये लिहून घ्यावीत. गोव्यात वाघनखी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीला महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी कळलावी म्हणतात आणि तिचा कंद विषारी असतो, ही माहिती अशा वेळी पुस्तकातून न येता आजीच्या तोंडून येते आणि मग पुस्तकाशी ताडून पाहिली जाते. हेच काम साळ, लाटंबार्से, मये आणि पिळगाव येथील शाळांनी एकाच आठवड्यात केले, तर चार गावांच्या याद्या एकमेकींशेजारी ठेवून कोणती वनस्पती कोठे मिळते आणि कोठे मिळेनाशी झाली, याची तुलना मुलांना करता येईल. छायाचित्र काढण्यासाठी फळ तोडावे लागत नाही, ही रानावर वाढलेला माटोळीचा भार पाहता लहान गोष्ट नव्हे.

माध्यमिक वर्गांतील मुलांना याहून मोठे काम देता येते. नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे मंदिर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा बांधण्याची आज्ञा दिली आणि त्याची नोंद असलेला शिलालेख तेथे आहे. हरवळ्याची लेणी, मयेचे तळे आणि २०१२ नंतर थांबून पुढे नव्या लिलावांनी पुन्हा सुरू झालेला खाण व्यवसाय हे सारे डिचोली तालुक्यातीलच अभ्यासविषय आहेत. अशा एखाद्या विषयावर तीन मिनिटांची चित्रफीत करायची तर मुलांना आधी वाचावे लागते, माहिती देणाऱ्या माणसाला विचारायचे प्रश्न लिहावे लागतात, ऐकीव आणि लेखी माहिती वेगळी करावी लागते आणि निवेदन मोजक्या शब्दांत बसवावे लागते; चित्रीकरण हा त्यातला सर्वांत सोपा भाग असतो. यूट्यूबवर चित्रफीत ठेवताना ‘अनलिस्टेड’ हा पर्याय निवडला तर ती शोधात सापडत नाही आणि ज्याच्याकडे दुवा आहे त्यालाच दिसते. ती मुलांसाठी असल्याची नोंद केली तर तिच्याखालील अभिप्राय बंद होतात. एवढी दोन बटणे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असली पाहिजेत.

शिक्षकाच्या स्वतःच्या शिकण्यासाठी मराठी जगाने एक ठळक उदाहरण घालून दिले आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातील पाठांना क्यूआर कोड जोडले, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्याने टिपताच ध्वनी किंवा चित्रफीत उघडणारी चौकोनी खूण छापली. पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्याच्या १० लाख डॉलरच्या रकमेपैकी निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. एका खेड्यातील शिक्षकाने केलेली युक्ती इतरांनी पाहिली, उचलली आणि आपल्या वर्गाला जुळवून घेतली, हे या घटनेचे मर्म आहे. भागशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या कक्षेतील शिक्षकांचा गट परिपत्रकांपुरता न ठेवता, आठवड्यातून एकदा एका शिक्षकाने आपल्या वर्गात फसलेला किंवा साधलेला एक पाठ त्यावर मांडावा आणि इतरांनी त्यावर बोलावे, एवढे ठरवले तरी एकशिक्षकी शाळेचे एकाकीपण बरेच कमी होईल.

धोक्यांबाबत शाळांनी सैल राहून चालणार नाही. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब यांची खात्यासाठीची वयोमर्यादा १३ वर्षे आहे, म्हणून प्राथमिक शाळेतील मुलाला स्वतःचे खाते काढायला लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि वर सांगितलेल्या कोणत्याही कामासाठी ते लागतही नाही. शिक्षकाचा आणि पालकाचा फोन पुरतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकाची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरवली आहे. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांच्या खात्यांवरच बंदी घातली. व्हॉट्सॲपच्या गटात प्रत्येक सदस्याचा क्रमांक इतर सर्वांना दिसतो, त्यामुळे कित्येक मातांचे क्रमांक अनोळखी हातांत जातात. केवळ सूचना द्यायच्या असतील तर जेथे सदस्यांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत असे चॅनेल किंवा ब्रॉडकास्ट यादी अधिक योग्य. मुलांचे चेहरे, पूर्ण नावे आणि शाळेचा गणवेश एकाच छायाचित्रात सर्वांसाठी खुले करणे, हे शाळेच्या जाहिरातीसाठी कितीही उपयोगी वाटले तरी थांबवायला हवे. छळाची किंवा फसवणुकीची घटना घडल्यास बालकांसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक शाळेच्या फलकावर असावेत.

ज्या घरात स्मार्टफोन नाही किंवा एकच फोन वडिलांबरोबर रात्रपाळीला जातो, त्या घरातील मुलाचे वाचन शिक्षिकेने मधल्या सुट्टीत स्वतःच्या फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्यावे, म्हणजे कोणताही उपक्रम काही मुलांना वगळून होणार नाही. शिक्षकांचा वेळही अमर्याद नाही, म्हणून पालकांनी रात्री आठनंतर संदेश पाठवू नयेत आणि पाठवले तर उत्तराची अपेक्षा दुसऱ्या दिवशीची ठेवावी. डिचोली आणि पेडण्यातील शाळांनी येत्या चतुर्थीपासून एवढाच आरंभ करावा: प्रत्येक मुलामागे माटोळीतील एक वस्तू, एक छायाचित्र, घरातील वडीलधाऱ्या माणसाचा एक ध्वनिसंदेश आणि मुलाने स्वतः लिहिलेली पाच मराठी वाक्ये.