नाव : पिराजी

कवीकडे लोक कविता मागत नाहीत, नावं मागतात. कुणाच्या घरी बाळ जन्मलं, की मला फोन येतो. नाव दोन अक्षरी हवं, वेगळं हवं, अर्थ चांगला हवा आणि इंग्रजीत लिहिताना सोपं हवं! एवढ्या अटी तर आमचे संपादकही घालत नाहीत. मी आपला दोन-चार नावं सुचवतो. मंडळी 'छान आहेत' म्हणतात आणि शेवटी पाचवंच नाव ठेवतात.

गेल्या वर्षी असाच एक फोन आला, तो शाळेतल्या जुन्या मित्राचा. त्याला नातू झाला होता. मी म्हटलं, "अरे, नाव शोधतोस कशाला? तुझ्या वडिलांचंच ठेव की. तात्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, पणजोबांचं नाव पुन्हा घरात येऊ दे." पलीकडे क्षणभर शांतता. मग तो हसला आणि म्हणाला, "पिराजी? लेका, या काळात?"

त्याच्या त्या हसण्यानं मला विचारात पाडलं. पिराजी हे नाव आमच्या लहानपणी कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांत अगदी साधं होतं. पिराजी सुतार असायचा, पिराजी पाटील असायचा. त्यात कुणाला काही वेगळं वाटत नसे. आज मात्र शाळेच्या हजेरीपटावर हे नाव शोधून काढावं लागेल. हे नाव आलं कुठून आणि गेलं कुठे, ते आज थोडं सांगतो.

आधी तात्यांचंच सांगतो. त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. त्यांच्या आईनं गावच्या पिराला नवस बोलला, की हे मूल जगलं तर तुझं नाव ठेवीन. मूल जगलं. बाराव्या दिवशी पाळण्यात नाव पडलं पिराजी. पुढे दरवर्षी उरसाला तात्या स्वतः मलिदा घेऊन जायचे, गलेफ चढवायचे, उदाचा धूर डोळ्यांत जाईपर्यंत तिथं बसायचे. घरी आल्यावर देवघरात दिवा लावायचे. पंढरीची वारीही त्यांची कधी चुकली नाही. या दोन गोष्टींत त्यांना कधी अडचण दिसली नाही, आणि आम्हालाही ती कधी जाणवली नाही.

'पीर' हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ म्हातारा, पिकल्या केसांचा माणूस. त्यावरून वडीलधारा, मार्ग दाखवणारा, सूफी गुरू असा अर्थ आला. अरबीतल्या 'शेख' शब्दाचंही तसंच आहे. त्याचाही अर्थ वयोवृद्ध, वडील माणूस. म्हणजे बारा दिवसांच्या तान्ह्या पोराला आपण 'म्हातारबुवा' म्हणून हाक मारत होतो! पण यात नवल नाही. मराठी घरांत रांगणाऱ्या पोरालाही आपण बापू, आबा, अण्णा, दादा म्हणतोच. पीर हा शब्द मराठीत आला आणि मराठीच्या शिस्तीत वागू लागला. वकील-वकिलाला, गरीब-गरिबाला, तसा पीर-पिराला. दीर्घ 'पी'चा ऱ्हस्व 'पि' झाला, मागे शिवाजी-तानाजीतला 'जी' लागला आणि पिराजी तयार झाला. पहिला अर्धा भाग इराणातून आलेला, पण घडण सगळी इथली.

नवसानं पिराचं नाव ठेवण्याची रीत साध्या कुणब्यांच्या घरापुरतीच नव्हती. तिचं सर्वांत मोठं उदाहरण आपण शाळेत पाठ केलेलं असतं, फक्त तिकडे लक्ष गेलेलं नसतं. वेरूळच्या मालोजीराजे भोसल्यांना मूल होत नव्हतं. मालोजीराजे निजामशाहीतले सरदार. अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, तिथं शाह शरीफ नावाच्या सूफी पिराचं मोठं स्थान होतं. मालोजीराजे आणि उमाबाईंनी तिथं नवस केला, पुढे दोन मुलगे झाले, आणि त्यांची नावं ठेवली शहाजी आणि शरीफजी. पिराच्या नावाचे दोन भाग दोन भावांत वाटून दिले. ही केवळ ऐकीव गोष्ट नाही. शिवरायांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदांनी 'शिवभारत' या संस्कृत काव्यात ती नोंदवली आहे. शरीफजी 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत कामी आले. पण त्यांचं नाव मात्र संपलं नाही. ते तंजावरला पोचलं. तिथल्या भोसले घराण्यात शरीफजीचं शरफोजी, सरफोजी झालं. सरस्वती महाल ग्रंथालयाला ज्यांनी वैभव दिलं, ते दुसरे सरफोजीराजे 1798 ते 1832 या काळात तिथं गादीवर होते. तमिळ मुलखातल्या मराठी राजाच्या नावात नगरच्या फकिराची आठवण आहे. मला स्वतःला ही गोष्ट कुठल्याही काव्यापेक्षा मोठी वाटते.

पिराजी हे त्याच कुळातलं नाव. फरक इतकाच, की शहाजीत एका ठरावीक पिराचं नाव आहे आणि पिराजीत नुसता पीर, म्हणजे गावचा, आपला, वेशीजवळचा. कागलला जाऊन पाहा. तिथलं ग्रामदैवतच गहिनीनाथ गैबी पीर. गैबी म्हणजे अदृश्य, डोळ्यांना न दिसणारा. गहिनीनाथ हे नाथपंथातलं नाव, गैबी पीर हे सूफी परंपरेतलं, आणि दोन्ही मिळून गावाचा एकच उरूस. त्याच कागलच्या घाटगे घराण्यात पिराजीराव हे नाव आहे. राजर्षी शाहू महाराज दत्तक जाण्यापूर्वी याच घराण्यातले. त्यांचे धाकटे बंधू बापूसाहेब घाटगे, त्यांचं नाव पिराजीराव. कोल्हापूरच्या शाहीर पिराजीराव सरनाईकांचे पोवाडे माझ्या पिढीनं ऐकले आहेत. डफाच्या थापेवर शिवचरित्र उभं करणाऱ्या शाहिराचं नाव पिराजी, हे तेव्हा कुणी मुद्दाम सांगत नसे, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. सीमाभागातल्या जैन शेतकऱ्यांत याच शब्दाचा पीरगोंडा होतो. प्रत्येकानं आपापल्या घराच्या मापानं नाव शिवून घेतलं.

याचंच भावंड म्हणजे फकिरा. मोहरममध्ये नवसाच्या मुलाला फकीर करायची चाल तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. हिरवा धागा, गळ्यात झोळी, पाच घरची भिक्षा. ज्या गावात मुसलमानांचं एकही घर नाही, तिथंही पीर बसतात आणि वाजतगाजत विसर्जनाला जातात. अशा चालीतून आलेलं नाव अण्णाभाऊ साठ्यांच्या 1959 च्या कादंबरीनं घराघरांत नेलं. ही रीत महाराष्ट्रापुरतीही नव्हती. आधुनिक उडिया गद्याचे जनक फकीरमोहन सेनापती (1843-1918) यांचं मूळ नाव ब्रजमोहन. लहानपणी ते फार आजारी पडले, तेव्हा आजीनं बालेश्वरच्या पिरांना नवस केला, की पोरगा वाचला तर त्याला फकीर करीन. पोरगा वाचला. आजीला काही त्याला खरोखर देऊन टाकवेना. मग नाव फकीरमोहन झालं आणि दर मोहरमला तो फकिराच्या वेशात भिक्षा मागू लागला. पोराच्या जिवापुढे आया-आज्यांनी देव कुणाचा हे पाहिलं नाही. दगडू, धोंडू, केरू ही नावंही त्याच भीतीतून आली, मृत्यूची नजर चुकवायला.

मग पिराजी गेला कुठे? याचं उत्तर आपण लगेच काळाच्या बदललेल्या हवेत शोधतो. ते थोडं खरं आहे, पूर्ण खरं नाही. पहिलं कारण चांगलंच आहे. बाळं मरायची थांबली. देवीची लस, डांग्या खोकल्याची लस, तालुक्याचा दवाखाना आला, तसा नवस कमी झाला आणि नवसाचं नावही. दुसरं कारण फॅशन. शहरी शेजारात 'जी' लागलेली नावं गावठी वाटू लागली. पिराजीबरोबर रायाजी, कोंडाजी, बहिर्जीही गेले, आणि त्यांच्यावर तर कुणाचा रागही नव्हता.

पण शहाजी टिकला आणि पिराजी टिकला नाही, याचं कारण एवढ्यानं सांगून होत नाही. शहाजीतला 'शाह' आता कुणाला ऐकू येत नाही. ते महाराजांच्या वडिलांचं नाव, बस. पिराजीतला 'पीर' मात्र पहिल्याच अक्षराला समोर येऊन उभा राहतो. माझ्या मित्राला एका कचेरीत अर्जावरचं पूर्ण नाव वाचून कारकुनानं विचारलं होतं, "तुमच्या आईवडिलांचा आंतरधर्मीय विवाह का?" तात्यांना हे कळलं असतं तर ते पोट धरून हसले असते. मित्राला हसू आलं नव्हतं. फोनवर तो मला म्हणाला, "तुझ्या नावाला निदान कुणी प्रश्न विचारत नाही, ते सरळ आहे. माझ्या नातवाला मी जन्मभर खुलासे कशाला द्यायला लावू?"

मी त्याला काय सांगणार? आमच्याकडेही काही वेगळं घडलेलं नाही. माझ्या आजोबांच्या पिढीत पीरमहंमद, पीरबक्ष, दस्तगीर, मौला, चाँद, गुलाब अशी नावं होती. पीरबक्ष म्हणजे पिरानं दिलेला. देणारा एक अल्लाच, मग पिराचं नाव कसं, असा आक्षेप सुधारक उलेमा एकोणिसाव्या शतकापासून घेत आले. धर्मशास्त्राच्या बाजूनं त्यांचं म्हणणं मला समजतं. पण आज आमच्या घरांतली नावं थेट अरबी कोशातून येतात आणि गुलाबचाचा, चाँदभाई ही गावच्या मातीतली नावं उतरत्या वयाच्या माणसांपुरती उरली आहेत. म्हणजे त्यांना पिराजी फार मुसलमानी वाटतो आणि आम्हाला पीरबक्ष पुरेसा मुसलमानी वाटत नाही!

मराठी माणसाचं नाव मात्र एकदम मरत नाही. ते एक पिढी मागे सरकतं. बापाचं नाव मुलाच्या नावामागे बसतं, म्हणून आज पिराजी भेटतो तो मतदार यादीत, सातबाऱ्यावर, लग्नपत्रिकेत, मधल्या जागेवर. माझ्या मित्राच्या पेन्शनच्या कागदांवर तात्या अजून हजर आहेत. 2024 पासून सरकारनं नव्या बाळांच्या नावात आईचंही नाव घालायला लावलं, ते फार चांगलं झालं. पण पणजोबांना त्या ओळीत जागा नाही. मुलगा गेला, की मधलं नावही गेलं.

बारशाला मी गेलो होतो. बायका पाळण्याभोवती, आम्ही पुरुष मंडळी सोप्यात घुगऱ्या खात बसलेलो. तात्यांच्या पत्नी, आमच्या काकू, पंच्याऐंशीच्या पुढे. त्या पिढीच्या बाईनं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी तोंडातून काढलं नाही. त्या काठी टेकत पाळण्याशी आल्या आणि बाळाच्या आत्याला म्हणाल्या, "आधी ह्यांचं नाव घे गं त्याच्या कानात. मला घेता येत नाही."

सुनेनं मित्राकडे पाहिलं, मित्रानं माझ्याकडे. आत्या वाकली आणि 'कुर्र' म्हणून तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि घुगऱ्या वाटायला सांगितल्या.

जन्माच्या दाखल्यावर दोन अक्षरी नाव लागलं. तेही मी सुचवलेलं नव्हतंच.